टॅबचे फर्मवेअर संगणकावरून पुन्हा कसे बसवावे

टॅबचे बटण दाबले की पडद्यावर कंपनीचे नाव झळकते, थोड्या वेळाने पडदा काळा होतो आणि पुन्हा तेच नाव येते. बॅटरी संपेपर्यंत हे चक्र थांबत नाही. अशा टॅबविषयी दुरुस्तीच्या दुकानात अनेकदा ‘बोर्ड गेला’ एवढेच निदान ऐकायला मिळते. परंतु पडदा उजळत असेल, बटणांच्या जोडीला प्रतिसाद मिळत असेल आणि केबल जोडल्यावर संगणक टॅबची दखल घेत असेल, तर यंत्राचे भाग शाबूत असून केवळ फर्मवेअर, म्हणजे टॅब सुरू करणारी आणि चालवणारी मूळ प्रणाली, बिघडले असण्याची शक्यता बरीच असते. अद्ययावतीकरण चालू असताना बॅटरी संपणे, साठवण काठोकाठ भरलेली असताना नवी आवृत्ती बसवण्याचा प्रयत्न होणे किंवा कुणीतरी चुकीची फाइल टाकणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

मुंबईत टॅब ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर कितीतरी घरांत दोन-दोन भावंडांची शाळा एकाच टॅबवर भरली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या नोट्स आणि प्रश्नसंच आजही त्याच पडद्यावर असतात. म्हणून ‘नवा घ्या’ असे सांगण्यापूर्वी संगणकावरून फर्मवेअर पुन्हा बसवण्याचा उपाय नीट करून पाहणे योग्य आहे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: संगणकावर ‘स्टार्ट’ दाबल्यानंतरचा भाग सोपा असतो. खरे काम त्याआधीचे, म्हणजे आपल्या टॅबचे नेमके मॉडेल, प्रदेश आणि आवृत्ती ओळखून त्याच्यासाठीच तयार झालेली फाइल मिळवण्याचे असते. फर्मवेअर बसवताना कायमचे बंद पडणारे टॅब बहुधा याच टप्प्यावरील घाईमुळे बंद पडतात.

आधी करून पाहण्याचे हलके उपाय

संगणक उघडण्यापूर्वी टॅब त्याच्या मूळ किंवा तितक्याच क्षमतेच्या चार्जरवर किमान तासभर लावून ठेवावा. पूर्ण रिकामी बॅटरीही पडद्यावर नाव दाखवून टॅब बंद पाडू शकते. त्यानंतर सक्तीने पुन्हा सुरू करून पाहावे. सॅमसंगच्या बहुतेक टॅबवर आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र सात ते दहा सेकंद दाबून धरले की टॅब नव्याने सुरू होतो.

एवढ्याने भागले नाही तर रिकव्हरी मेन्यू, म्हणजे टॅब नेहमीसारखा सुरू न होताही उघडणारी दुरुस्तीच्या पर्यायांची यादी, उघडावा. त्यासाठी बंद टॅबवर आवाज वाढवण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबतात; अँड्रॉइड ११ आणि त्यापुढील आवृत्त्यांच्या अनेक सॅमसंग उपकरणांत त्या वेळी टॅब केबलने संगणकाला जोडलेला असावा लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळे ‘रिकव्हरी उघडतच नाही’ असा समज होतो. मेन्यूतील ‘वाइप कॅश पार्टिशन’ हा पर्याय आपली माहिती पुसत नाही, म्हणून तो आधी वापरावा. ‘फॅक्टरी रीसेट’ मात्र सर्व काही पुसतो. त्याला हात लावण्यापूर्वी पुढचा भाग वाचावा. मेन्यू उघडलाच आहे तर वरच्या ओळींचे छायाचित्र फोनने काढून ठेवावे, कारण टॅबचे मॉडेल आणि आवृत्तीचा क्रमांक तेथे छापलेला असतो आणि फाइल शोधताना तो लागणार आहे.

माहिती आणि खाते

आजच्या अँड्रॉइड टॅबमधील साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असते. टॅब सुरू होऊन त्याचे कुलूप उघडल्याशिवाय संगणकाला आतील छायाचित्रे किंवा कागदपत्रे वाचता येत नाहीत. त्यामुळे ‘आधी डेटा काढून घेऊ, मग फर्मवेअर टाकू’ हा क्रम सुरू न होणाऱ्या टॅबच्या बाबतीत शक्य नसतो. जे गूगल ड्राइव्ह, गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर गेलेले आहे ते सुरक्षित आहे. जे केवळ टॅबच्या ‘डाउनलोड्स’मध्ये होते ते धोक्यात आहे. मेमरी कार्ड असल्यास ते काम सुरू करण्यापूर्वी काढून बाजूला ठेवावे, मात्र ते ‘अंतर्गत साठवण’ म्हणून वापरात असल्यास दुसऱ्या उपकरणात उघडणार नाही.

दुसरी गोष्ट खात्याची. अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन आहे. रिकव्हरीतून किंवा संगणकावरून टॅब पुसला की पहिल्या सुरुवातीला तो पूर्वीचेच गूगल खाते आणि पासवर्ड किंवा पडद्याचे जुने कुलूप विचारतो. आयपॅडमध्ये २०१३ पासून असलेले ॲक्टिव्हेशन लॉक हेच काम करते. ही चोरीविरुद्धची व्यवस्था असून फर्मवेअर बदलल्याने ती सुटत नाही, आणि ती सोडवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या साधनांपासून दूर राहावे. अडचण बहुधा वेगळीच असते: टॅब आजीच्या नावाने घेतलेला, खाते नातवाने दुकानातच उघडलेले आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. म्हणून फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी त्या खात्यात दुसऱ्या फोनवरून प्रवेश करून पाहावा, आणि तो जमत नसेल तर आधी पासवर्ड परत मिळवावा. गूगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर रीसेटनंतरच्या तपासणीत अडथळा येऊ नये म्हणून एक दिवस थांबणे शहाणपणाचे ठरते.

नेमकी फाइल

टॅबचे बाजारातील नाव या कामात पुरेसे नसते. सॅमसंगचा ‘गॅलेक्सी टॅब ए७’ घेतला तर त्याचे केवळ वाय-फाय असलेले मॉडेल एसएम-टी५०० आणि सिमकार्डाचे मॉडेल एसएम-टी५०५ असे आहे. दोन्ही टॅब समोरून सारखेच दिसतात, पण एकाचे फर्मवेअर दुसऱ्यासाठी नाही. त्याच घराण्यातील ‘ए८’ या टॅबचे क्रमांक एसएम-एक्स२०० आणि एसएम-एक्स२०५ असे आहेत, आणि त्याच्या आत तर प्रोसेसरही वेगळ्या कंपनीचा आहे. हा क्रमांक टॅबच्या पाठीवर खाली अगदी बारीक अक्षरांत छापलेला असतो. तेथे खरवडला गेला असेल तर खोक्यावर, बिलावर किंवा वर सांगितलेल्या रिकव्हरीच्या पडद्यावर सापडतो. पाठीचे झाकण बदललेल्या जुन्या टॅबच्या बाबतीत मात्र पडद्यावरील क्रमांकच खरा मानावा.

मॉडेलनंतर प्रदेश येतो. सॅमसंगच्या फर्मवेअरमध्ये प्रत्येक प्रदेशासाठी तीन अक्षरांचा सीएससी संकेत असतो. भारतात विकलेल्या टॅबचा संकेत सहसा ‘आयएनएस’ असतो. मुंबईत मात्र दुबईहून नातेवाइकांनी आणलेले टॅब पुष्कळ घरांत आहेत, आणि संयुक्त अरब अमिरातीचा संकेत ‘एक्सएसजी’ आहे. टॅब सुरू होत असेल तर सेटिंग्जमधील ‘अबाउट टॅब्लेट’ आणि त्यातील ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ येथे हा संकेत दिसतो. होत नसेल तर तो कुठे खरेदी केला हे घरात विचारणे हाच सरळ मार्ग आहे. ज्या प्रदेशाचा टॅब, त्याच प्रदेशाची फाइल बसवणे केव्हाही चांगले. माहिती न पुसता काम करायचे असल्यास तर ते अत्यावश्यकच समजावे.

तिसरी गोष्ट म्हणजे आवृत्ती, आणि येथे मी वाचकाला सर्वांत जास्त वेळ थांबण्याची विनंती करेन. सॅमसंगच्या आवृत्ती क्रमांकाची शेवटची पाच अक्षरे पाहावीत. त्यांतील पहिले अक्षर, म्हणजे शेवटून पाचवे, हे बूटलोडरची, म्हणजे बटण दाबताच सर्वांत आधी चालून प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, पातळी सांगते. त्यानंतरचे अक्षर अँड्रॉइडच्या मोठ्या बदलाचे, त्यानंतरचे वर्षाचे, मग महिन्याचे आणि शेवटचे त्या महिन्यातील पुनरावृत्तीचे असते. इंग्रजी ‘व्ही’ म्हणजे २०२२, ‘डब्ल्यू’ म्हणजे २०२३, ‘एक्स’ म्हणजे २०२४ असा वर्षांचा क्रम आहे, आणि महिने ‘ए’पासून जानेवारी धरून मोजले जातात. टॅबमध्ये बूटलोडरची पातळी ३ असेल तर २ पातळीची फाइल तो स्वीकारत नाही, कारण ही पातळी यंत्रात कायमची नोंदली गेलेली असते आणि मागे घेता येत नाही. पातळी तीच किंवा त्याहून वरची चालते. ‘जुनी आवृत्ती जास्त वेगवान होती, ती टाकून द्या’ ही विनंती अनेकदा पूर्ण होऊ शकत नाही, त्याचे कारण हेच आहे. ९ नंतर ही पातळी ‘ए’, ‘बी’ अशा अक्षरांनी दाखवली जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

फाइल कुठून घ्यावी, हा प्रश्न यानंतर येतो. ॲपल आणि लेनोवोच्या बाबतीत कंपनीचेच साधन योग्य फाइल स्वतः उतरवून घेते. सॅमसंग तशी फाइल ग्राहकाच्या हाती देत नाही, आणि ती बसवणारे ‘ओडिन’ हे साधनही कंपनीच्या अंतर्गत वापरासाठीचे आहे. ते लोकांपर्यंत पोहोचले आहे ते अनधिकृत वाटांनी. म्हणून ओडिनची प्रत उघडण्यापूर्वी अँटीव्हायरसने तपासावी आणि शक्य असल्यास बँकेचे व्यवहार होत नाहीत अशा संगणकावर हे काम करावे. फर्मवेअरच्या फाइलवर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असते आणि कुलूपबंद बूटलोडर स्वाक्षरी नसलेला भाग नाकारतो, त्यामुळे फेरफार केलेली फाइल सहसा आत जात नाही. पण अर्धवट उतरलेली फाइल भरपूर वेळ खाते. फाइलसोबत तिची शा-२५६ ही पडताळणीची खूण (फाइल पूर्ण आणि मूळ असल्याचे तपासण्याची अक्षर-आकड्यांची ओळ) दिलेली असल्यास विंडोजच्या पॉवरशेलमधील ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने ती ताडून पाहावी.

ही फाइल काही गीगाबाइटची असते. रोज दीड-दोन गीगाबाइट देणाऱ्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही, म्हणून ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी जावे. तेथून पेनड्राइव्हवर आणायची असेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसावा, कारण त्या पद्धतीत ४ गीगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट पद्धत वापरावी. झिप केलेली आणि उलगडलेली अशा दोन्ही प्रतींना पुरेल एवढी जागा संगणकावर मोकळी ठेवावी. उलगडलेल्या फाइली सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण काही जुनी साधने देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात.

संगणक, केबल आणि वीज

या कामासाठी डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा. मुंबईत वीज क्वचित जाते, म्हणून आपण त्या शक्यतेचा विचारच करत नाही. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराचा बराचसा भाग काही तास विजेविना होता, आणि पावसाळ्यात सोसायटीच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरले की एखादी इमारत अंधारात जाते. बूटलोडर लिहिला जात असताना संगणक बंद पडणे हा या कामातील सर्वांत वाईट क्षण असतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि टॅबची निम्म्याहून अधिक असावी. लॅपटॉप आपोआप झोपी जाण्याची व्यवस्था तात्पुरती बंद करावी.

केबल केवळ चार्जिंगची नसून डेटा वाहून नेणारी असावी. लोकलमध्ये किंवा पदपथावर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी अनेकींत डेटाच्या तारा नसतात. त्या जोडल्या की टॅब चार्ज होतो, पण संगणकाला काहीच दिसत नाही. शक्यतो टॅबसोबत आलेली केबल वापरावी, ती संगणकाच्या पोर्टमध्ये थेट लावावी, मध्ये हब घेऊ नये. समुद्राजवळच्या दमट, खारट हवेत टॅबच्या पोर्टमध्ये धूळ चिकटून बसते आणि संपर्क हलका होतो. टॅब बंद करून कोरड्या लाकडी काडीने ती हळुवारपणे काढावी. धातूची टाचणी घालू नये.

सॅमसंगचा टॅब आणि ओडिन

ओडिन केवळ विंडोजवर चालते. आधी सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला टॅब ओळखू देणारा प्रोग्राम, बसवून संगणक पुन्हा सुरू करावा, आणि स्मार्ट स्विच हे सॅमसंगचे माहिती हलवण्याचे साधन उघडे असल्यास बंद करावे, कारण दोन्ही साधने त्याच पोर्टवर हक्क सांगतात.

फर्मवेअर उलगडल्यावर बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी या नावांनी सुरू होणाऱ्या फाइली दिसतात. बीएल म्हणजे बूटलोडर, एपी म्हणजे मुख्य प्रणाली, सीपी म्हणजे मोडेम आणि सीएससी म्हणजे प्रदेशाची जुळवणी. वाय-फाय मॉडेलच्या संचात सीपी सहसा नसते, त्यामुळे ती नाही म्हणून फाइल अपुरी समजू नये. सर्वांत महत्त्वाचा फरक शेवटच्या दोन फाइलींमध्ये आहे: सीएससी निवडली तर टॅबमधील सर्व माहिती पुसली जाते, आणि होम सीएससी निवडली तर ती तशीच राहते. दोहोंपैकी एकच फाइल सीएससीच्या रकान्यात द्यायची असते. बंद पडलेल्या टॅबमध्ये काही मौल्यवान असेल तर आधी नेहमी होम सीएससी वापरावी; तिने टॅब उभा राहिला तर माहितीसुद्धा वाचते. ती निष्फळ ठरली तरच सीएससीकडे वळावे. दुकानांत हा क्रम सर्रास टाळला जातो, कारण पुसून बसवणे जलद आणि हमखास असते. पण मुलीच्या वर्षभराच्या नोट्स त्या घाईत जातात.

टॅब डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे संगणकाकडून फर्मवेअर घेण्याच्या स्थितीत, नेण्यासाठी, होम बटण नसलेल्या मॉडेलवर, टॅब पूर्ण बंद करावा, आवाजाची दोन्ही बटणे एकत्र दाबून धरावीत आणि तशाच स्थितीत संगणकाला आधीच जोडलेली केबल टॅबमध्ये घालावी. इशाऱ्याचा पडदा आला की आवाज वाढवण्याचे बटण एकदा दाबून पुढे जावे. होम बटण असलेल्या जुन्या टॅबवर आवाज कमी, होम आणि पॉवर ही तीन बटणे एकत्र धरतात. सतत पुन्हा सुरू होणारा टॅब बंदच होत नसेल तर आवाज कमी आणि पॉवर धरून ठेवावे, आणि पडदा काळा होताच बोटे आवाजाच्या दोन्ही बटणांवर न्यावीत. हे एकदम साधत नाही. संयमाने पुन्हा करावे.

टॅब नीट जोडला गेला की ओडिनमधील एक चौकोन निळा होतो आणि खालच्या नोंदींत ‘ॲडेड’ असे उमटते. आता प्रत्येक रकान्यात त्या नावाची फाइल द्यावी. एपीची फाइल मोठी असल्यामुळे ती तपासली जाताना ओडिन काही मिनिटे गोठल्यासारखे दिसते. त्या वेळी ते बंद करू नये. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ऑटो रीबूट’ आणि ‘एफ रीसेट टाइम’ या दोनच खुणा असाव्यात. ‘री-पार्टिशन’ आणि ‘नँड इरेज’ यांना अजिबात हात लावू नये. फाइलींची नावे आणि टॅबच्या पाठीवरील क्रमांक अखेरचे एकदा ताडून पाहावेत आणि मग ‘स्टार्ट’ दाबावे.

यानंतर केबलला धक्का लागू देऊ नये. घरात लहान मूल असेल तर हे काम ते झोपल्यावर करावे. हिरव्या रंगात ‘पास’ दिसले की टॅब आपोआप सुरू होतो. पहिली सुरुवात दहा-पंधरा मिनिटे घेऊ शकते आणि तेवढा वेळ केवळ नाव झळकत राहते, म्हणून मध्येच बटण दाबून ती तोडू नये. कंपनीची मूळ, स्वाक्षरी असलेली फाइल बसवल्याने नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेची नोंद बिघडत नाही. बाहेरची प्रणाली बसवली तर मात्र ती कायमची बदलते आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी पुन्हा मिळत नाहीत.

लाल रंगात ‘फेल’ आले तर घाबरू नये, पण टॅबच्या पडद्यावरील बारीक ओळ वाचावी, कारण खरे कारण बहुधा तेथे असते. ‘एसडब्ल्यू आरईव्ही चेक फेल’ आणि त्यापुढे दोन आकडे दिसले, तर फाइलच्या बूटलोडरची पातळी टॅबपेक्षा खालची आहे. नवी फाइल आणावी, तीच पुन्हा लिहिण्याचा हट्ट धरू नये. ‘सेटअप कनेक्शन’वर काम अडकले तर केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरची अडचण असते. केबल काढून टॅब पुन्हा डाउनलोड मोडमध्ये न्यावा आणि दुसरा पोर्ट वापरून पाहावा. लिहिणे प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी थांबत असेल, केबल आणि संगणक दोन्ही बदलूनही फरक पडत नसेल, तर साठवणीची चिपच निकामी झाली असण्याचा संभव आहे. तो दोष फर्मवेअरने बरा होत नाही.

लेनोवो आणि मीडियाटेकचे टॅब

लेनोवोच्या टॅबमालकांचे काम तुलनेने सोपे आहे. कंपनीचे ‘सॉफ्टवेअर फिक्स’ हे साधन, ज्याचे पूर्वीचे नाव ‘रेस्क्यू अँड स्मार्ट असिस्टंट’ होते, विंडोजवर बसवून लेनोवो खात्याने प्रवेश करावा, ‘रेस्क्यू’ विभागात टॅबचे मॉडेल द्यावे आणि पडद्यावरील सूचनांप्रमाणे बटणे दाबावीत. फाइल ते साधन स्वतः आणते. यात माहिती पुसली जाते, हे मात्र गृहीत धरावे.

अनोळखी नावाच्या स्वस्त टॅबमध्ये पुष्कळदा मीडियाटेकचा प्रोसेसर असतो आणि त्यासाठी ‘एसपी फ्लॅश टूल’ वापरतात. फर्मवेअरमधील ‘स्कॅटर’ फाइल, म्हणजे कोणता भाग साठवणीत कुठे जातो हे सांगणारी फाइल, त्यात उघडायची, ‘डाउनलोड ओन्ली’ निवडायचे आणि मगच बंद टॅब जोडायचा, असा क्रम आहे. त्याच यादीत ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ हा पर्याय आहे. तो निवडू नये. त्याने एनव्हीरॅम हा भागही पुसला जाऊ शकतो, आणि टॅबचा आयएमईआय क्रमांक (सिम असलेल्या प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) व वाय-फायचा पत्ता तेथेच असतो. तो गेला की सिम चालत नाही, आणि मग ‘कोणताही आयएमईआय टाकून देतो’ असे सांगणारे भेटतात. दुसरा आयएमईआय लिहिणे हा भारतात गुन्हा आहे, म्हणून ती वाट धरू नये. अशा टॅबच्या एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे आणि मदरबोर्ड वापरलेले असतात. म्हणून मदरबोर्डवर छापलेला क्रमांक जुळल्याखेरीज फाइल बसवू नये, अन्यथा टॅब सुरू होतो पण पडदा पांढराच राहतो किंवा स्पर्श चालत नाही.

आयपॅड

आयपॅडसाठी मॅकवर, मॅकओएस कॅटालिना म्हणजे २०१९ पासून, फाइंडर वापरायचे. विंडोजवर ‘ॲपल डिव्हाइसेस’ किंवा आयट्यून्स. केबल जोडावी. होम बटण नसलेल्या आयपॅडवर वरच्या बटणाला जवळचे आवाजाचे बटण दाबून लगेच सोडावे, मग दुसरे दाबून लगेच सोडावे आणि नंतर वरचे बटण धरून ठेवावे. होम बटण असलेल्यावर होम आणि वरचे बटण एकत्र धरावे. मध्ये ॲपलचे चिन्ह येते, तेव्हा बोट उचलू नये. केबल आणि संगणकाचे चित्र येईपर्यंत धरून ठेवावे.

संगणकावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ हे दोन पर्याय येतात. ‘अपडेट’ माहिती न पुसता प्रणाली नव्याने बसवते, म्हणून पहिला प्रयत्न त्याचाच करावा. फाइल उतरायला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला तर आयपॅड त्या स्थितीतून बाहेर पडतो. फाइल पूर्ण उतरू द्यावी आणि बटणांचा क्रम पुन्हा करावा. बसवताना आयपॅडला ॲपलच्या सर्व्हरची मंजुरी लागते. त्यामुळे इंटरनेट चालू असावे लागते, आणि कार्यालयातील बंदिस्त नेटवर्कवर हे काम अनेकदा अडते. याच कारणामुळे ॲपलने मंजुरी थांबवलेल्या जुन्या आवृत्तीकडे परत जाता येत नाही. ९, ४०१३ किंवा ४०१४ असा त्रुटी क्रमांक आला तर जोडणी मध्येच तुटली, असा त्याचा अर्थ असतो. केबल बदलावी, दुसरा संगणक वापरून पाहावा आणि तरीही तोच क्रमांक आला तर सेवा केंद्र गाठावे.

सुरू झाल्यानंतर, आणि दुकानात देताना

टॅब सुरू झाला की आधी सेटिंग्जमधून उरलेली सुरक्षा अद्यतने बसवावीत, मग भाषा आणि मराठी कळफलक निवडावा आणि त्यानंतरच ॲप उतरवावेत. सिम असलेल्या टॅबवर *#06# दाबून दिसणारा आयएमईआय खोक्यावरील क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे. टॅब जुना विकत घेतलेला असेल तर ही तपासणी काम सुरू करण्यापूर्वीच करावी: १४४२२ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून खोक्यावरील किंवा टॅबच्या पाठीवरील आयएमईआय असा संदेश पाठवला की त्या उपकरणाची माहिती परत येते. चोरीचा निघालेला टॅब दुरुस्त करण्याच्या फंदात कुणी पडू नये.

स्वतः करणे जमत नसेल तर वॉरंटीतील टॅब अधिकृत सेवा केंद्रातच न्यावा. वॉरंटी संपली असेल तर लॅमिंग्टन रोडवर आणि उपनगरांतील स्थानकांबाहेर हे काम जाणणारे कुशल कारागीर आहेत. त्यांच्याकडे टॅब देताना माहिती पुसली जाणार का, कोणत्या मॉडेलची आणि कोणत्या पातळीची फाइल बसवणार, आणि पुसल्याशिवाय आधी प्रयत्न करणार का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि ठरलेले पावतीवर लिहून घ्यावे. गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड दुकानात लिहून देऊ नये. काम झाल्यावर तो स्वतः समोर उभे राहून टाकावा, वाय-फाय, स्पर्श, कॅमेरा आणि चार्जिंग तेथेच तपासावे आणि मगच पैसे द्यावेत.